वाट फुटेल तिकडे

दुभाषीबाईंचं काम नीट झालं तर ते कुणाच्या लक्षातही येत नसे. साक्षीदार बोलला की त्यांनी बोलायचं, तो थांबला की थांबायचं. तो रडला तर मात्र त्यांनी रडायचं नसे, कारण हुंदक्याचं भाषांतर कुणी मागत नाही. चौकशी आपल्याच भाषेत चाले, पण वरच्या कचेऱ्यांना कागद इंग्रजीत लागत, म्हणून नोंद इंग्रजीत होई. साक्षीदार काय म्हणतोय ते खोलीतल्या सगळ्यांना, अध्यक्षांना, वकिलांना, पाणी आणून देणाऱ्या शिपायालासुद्धा, आधीच कळलेलं असायचं. तरी बाई इंग्रजीत बोलेपर्यंत स्टेनोची बोटं हलत नसत.

त्यांचे यजमान चष्म्यांच्या दुकानात बसत. कुणी बायकोच्या नोकरीबद्दल विचारलं की म्हणत, "जगाचं बोलणं हिला कळतं हो. मी 'चहा नको' म्हटलं की मात्र हिला 'अर्धा कप' असं ऐकू येतं." आणि बाई आणून ठेवतील तो अर्धा कप मुकाट्याने पिऊन टाकत.

त्या वर्षी बाईंकडे दप्तरांच्या कारखान्यातल्या आगीची चौकशी आली. आग तशी मोठी नव्हतीच, मोठा होता तो धूर. खालच्या मजल्यावर फोमच्या गठ्ठ्यांवर ठिणगी पडली आणि काळाकुट्ट, घशाला चिकटणारा धूर जिन्याने वर चढला. वर शिवणखातं, सगळ्या बायका. मागचं दार माल चोरीला जातो म्हणून कायम कुलूपबंद. पुढचा जिना अरुंद, आणि त्याच्या वळणावर रिकाम्या खोक्यांची चवड. ज्या गेल्या त्या बहुतेक जळून गेल्या नाहीत. त्या वळणावर चेंगरून गेल्या.

पहिली महत्त्वाची साक्ष चेनताईची होती. दप्तरांना चेन लावणं हे तिचं काम, म्हणून कारखान्याने ठेवलेलं हे नाव. तिच्या शेजारच्या मशीनवर तिची नणंद बकलं लावायची, तिला सगळ्या बकल म्हणत. चेन आणि बकल. दोघी एका डब्यात जेवायच्या, एकमेकींच्या चुगल्या एकमेकींनाच सांगायच्या, आणि कुणी नणंद-भावजयीच्या भांडणाचा विषय काढला की बकल म्हणायची, "आमचं भांडण सुटीच्या दिवशी असतं. रोज वेळ कुठंय?" त्या दिवशी जिन्यातून चेन बाहेर आली. बकल आली नाही.

चेनताई साक्षीला उभी राहिली तेव्हा तिने पदर दोन्ही हातांनी धरला होता. कामगारांच्या वकिलांनी विचारलं, "धूर आला तेव्हा काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा."

"काय व्हायचं, साहेब," ती म्हणाली. "कुणीतरी आग, आग ओरडलं. मशिनी तशाच चालू राहिल्या. मागच्या दाराकडे गेलो तर ते बंद. खिडक्यांना जाळ्या. डोळ्यांपुढे काही दिसेना. मग काय, वाट फुटेल तिकडे पळालो सगळ्या."

बाई एकेक वाक्य इंग्रजीत सोडत होत्या. शेवटच्या वाक्याला त्यांच्या जिभेवर आपोआप एक शब्द आला: हेल्टर-स्केल्टर. लहानपणापासून तो त्यांचा लाडका. शाळेतल्या इंग्रजीच्या पुस्तकात मांजर आल्यावर उंदीर हेल्टर-स्केल्टर पळाले होते, आणि शेजारी शेपट्यांचं एक छान चित्र होतं. पुढे त्यांना कळलं की कुठल्याशा देशात जत्रेतल्या गोल घसरगुंडीलाही हेच नाव आहे. कोशकार म्हणतात, घाईने पळणाऱ्या पावलांचा जो आवाज होतो त्यावरून हा शब्द झाला असावा. बाईंना ते खरं वाटायचं. म्हणताना पावलं ऐकू यायची.

त्यांनी तो उच्चारताच मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. तो शब्दच तसा होता, मुलांच्या गाण्यातल्यासारखा. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं आणि हसू थांबलं. पण चेनताईने ते ऐकलं होतं. आपण काय हसण्यासारखं बोललो, हे तिला कळेना. ती एकदा मागे बघत होती, एकदा बाईंकडे.

कंपनीचे वकील मऊ बोलणारे गृहस्थ होते. दारात भेटले तर बाईंसाठी दार धरून ठेवायचे. त्यांनी मान वर केली. "मॅडम, तो शब्द पुन्हा सांगता?"

"हेल्टर-स्केल्टर."

"वा. थँक यू." त्यांनी तो लिहून घेतला आणि त्याच्याखाली रेघ ओढली.

खरं सांगायचं तर बाईंना त्या क्षणी बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्यांच्या शब्दाला कुणी वा म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान पेपर वाचत होते. "ही तुझ्याकडचीच केस ना?" म्हणत त्यांनी पान पुढे केलं. मथळा होता: 'बेशिस्त घाईमुळेच चेंगराचेंगरी, कामगार महिलेची कबुली.' खाली कंपनीच्या वकिलांचं म्हणणं होतं की साक्षीदाराने स्वतःच तसं नोंदवलं आहे.

"असं ती म्हणालीच नाही," बाई म्हणाल्या.

"मग कोण म्हणालं?" यजमानांनी विचारलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. ते पुढचं पान उलटतही होते.

बाईंनी हातातला कप खाली ठेवला आणि कपाटातून जाडा कोश काढला. शब्द त्यांना पाठ होता, अर्थ पाठ होता, तरी बोट ठेवून वाचला. गोंधळाने, बेशिस्त घाईने. म्हणजे पेपरवाल्यांनी काही खोटं छापलं नव्हतं. 'वाट फुटेल तिकडे' त्यांच्या तोंडून इंग्रजीत गेलं होतं आणि दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून 'बेशिस्त घाई' होऊन घरी परत आलं होतं.

दिवसभर त्यांना दुसरं सुचेना. भाजी चिरतानाही त्या धावण्याचे शब्द मोजत राहिल्या. पाहुणे अचानक आले की होते ती तारांबळ. सगळी कामं एकदम अंगावर आली की त्रेधातिरपीट. कोंबड्यांची पळापळ, लग्नघरातली धावाधाव. आणि सैरावैरा पळतं ते भ्यालेलं माणूस किंवा भ्यालेलं जनावर. आपल्याकडे प्रत्येक धावण्याला वेगळा शब्द होता, आणि त्या बाईच्या धावण्याला आपण दिला तो उंदरांचा.

पुढच्या तारखेला चेनताई सुनावणीच्या आधीच येऊन जिन्यापाशी उभी होती. पेपर तिच्या वस्तीतही पोचला होता.

"मॅडम, मी काय बोलले होते?"

"तुम्ही बरोबरच बोललात, ताई."

"मग हे कबुली-कबुली काय चाललंय? आमच्या शेजारची म्हणते, तू सांगितलंस की आमचीच चूक होती. तिची लेक गेलीय त्यात. ती माझ्या दारावर थुंकून गेली." चेनताईचा आवाज चढला नाही. ती खरंच विचारत होती. "तुम्ही माझं इंग्रजी केलंत ना? तो कुठला शब्द होता? ते हसले तो?"

बाईंनी शब्द सांगितला. चेनताईने तो म्हणून पाहिला. पहिल्यांदा जमला नाही, दुसऱ्यांदा अर्धा जमला. मग ती म्हणाली, "हा शब्द मी जन्मात कधी तोंडात घेतला नाही. आणि माझ्या नावावर आहे?"

"मी आज दुरुस्ती मागणार आहे," बाई म्हणाल्या. "साहेब ऐकतील."

अध्यक्षांनी खरंच ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते. कामकाज सुरू होताच बाई उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं, कारण दुभाषी स्वतःचं काही बोलतो हे त्या खोलीने पाहिलं नव्हतं.

"मागच्या साक्षीत एक दुरुस्ती हवी होती, सर."

"काय चुकलं?"

"चुकलं असं नाही. शब्द... शब्द हलका पडला, सर."

कंपनीचे वकील उठले. त्यांच्या टेबलावर दोन कोश होते, दोन्हींत खुणेच्या चिठ्ठ्या. म्हणजे त्यांना हे अपेक्षित होतं. "मॅडम, मी फक्त समजून घेतोय. या कोशात 'वाट फुटेल तिकडे पळणे' याला इंग्रजीत काय दिलंय, वाचता का?"

बाईंनी वाचलं. हेल्टर-स्केल्टर पळणे.

"आणि या दुसऱ्यात त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ?"

"बेशिस्त घाईने. गोंधळात."

"मग तुमचं भाषांतर चुकीचं आहे, असं तुमचं म्हणणं आहे का?"

पंखा फिरत होता. चुकीचं आहे असं म्हणावं तर खोटं, आणि नाही म्हणावं तर संपलंच. "चुकीचं नाही," त्या म्हणाल्या. मग घाईघाईने पुढे बोलू लागल्या, "पण सर, तिच्या वाक्यात वाट आहे. वाट फुटेल तिकडे. कुठूनतरी बाहेर पडायला मिळतंय का, ते त्या बघत होत्या. इंग्रजी शब्दात ती वाटच नाही. नुसतं पळणं आहे."

अध्यक्षांनी मान हलवली. ते हे वाक्य मनात घोळवत असावेत. क्षणभर बाईंना वाटलं, जमलं.

"मग त्याऐवजी काय लिहायचं म्हणता?" त्यांनी विचारलं.

"बाहेरची वाट शोधत पळालो, असं."

"'शोधत' असं साक्षीदार म्हणाली होती का?" कंपनीच्या वकिलांनी मऊपणे विचारलं.

आयुष्यभर बाईंनी एकच नियम पाळला होता. जे बोललं गेलं तेच बोलायचं, पदरचं काही घालायचं नाही. "नाही," त्या म्हणाल्या.

"मूळ शब्द राहू द्या," अध्यक्ष म्हणाले. "तुमचं म्हणणं मी ऐकलं आहे, मॅडम." स्टेनोची बोटं या सगळ्यात एकदाही हलली नव्हती.

मग चेनताईची उलटतपासणी सुरू झाली.

"रांगेत उतरा, असं सुपरवायझर ओरडत होते?"

"ओरडले असतील. ऐकू कुणाला येत होतं?"

"म्हणजे रांग नव्हती."

"रांग कसली, साहेब? हात पुढे केला तर हात दिसत नव्हता."

"जिन्याच्या वळणावर काय झालं?"

खोलीत कुणी खोकलं. अध्यक्षांनी चेनताईला पाणी द्यायला सांगितलं, ते तिने घेतलं नाही. मग ती एकच शब्द बोलली.

"ढकललं."

बाईंना ती भाषा आपली वाटायची ती याचसाठी. ढकललं. कुणी, कुणाला, काही सांगायची सक्ती नाही. मी ढकललं, आम्ही ढकललं, कुणीतरी ढकललं, सगळं त्या एका शब्दात मावतं आणि त्यातलं काही नावानिशी बाहेर येत नाही. इंग्रजीला हे चालत नाही. तिथे आधी माणूस उभं करावं लागतं. बाईंनी जेवढं आडोशाला ठेवता येईल तेवढं ठेवून वाक्य केलं: ढकलाढकल झाली.

"मॅडम," कंपनीचे वकील म्हणाले, "कोणी ढकललं, ते जरा विचारा."

बाईंनी चेनताईकडे पाहिलं. सगळ्यांनी म्हण, त्या मनात म्हणत होत्या. सगळ्यांनी म्हण, बाई गं. आणि शक्य तितक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कोणी, ताई?"

"मी," चेनताई म्हणाली. "आमची धाकटी नणंद माझ्या पुढे होती. वळणावर थांबली आणि मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. तू पुढे हो म्हणून मी ढकललं. पुढे खोके होते. मला दिसले नाहीत."

बाईंनी सगळं सांगितलं. 'तू पुढे हो म्हणून' सांगितलं, खोके सांगितले, दिसले नाहीत हेही सांगितलं. आवाज हलू दिला नाही, तेच त्यांना शिकवलं होतं. स्टेनोने शेवटचं टिंब मारलं. कंपनीच्या वकिलांनी मान खाली घातली, आभार मानले आणि ते बसले. आणखी काही विचारायची त्यांना गरज उरली नव्हती.

बाहेर पडताना कामगारांचे वकील बाईंच्या बरोबरीने चालू लागले. तरुण माणूस, बगलेत फायली. "शब्द चुकला असता ना, मॅडम, तर मी भांडलो असतो," ते म्हणाले. "बरोबर शब्दाशी कसं भांडायचं, ते मला कुणी शिकवलं नाही." आणि पायऱ्या उतरून निघून गेले.

अहवाल आला तोवर बाई दुसऱ्याच कामावर होत्या, एका पडलेल्या भिंतीच्या चौकशीत. तिथल्या टेबलावर कुणीतरी ती जाड प्रत ठेवून गेलं. कारणांच्या प्रकरणात बाईंचा शब्द होता, अवतरणचिन्हांत, साक्षीदाराचा म्हणून. कामगार हेल्टर-स्केल्टर धावल्या, त्यांनी एकमेकींना ढकललं, सूचना पाळल्या नाहीत. मागच्या दाराबद्दलही लिहिलं होतं. ते यापुढे कामाच्या वेळेत उघडं ठेवावं, अशी शिफारस होती. बाईंनी ते पान दोनदा वाचलं. तेवढ्यात शिपाई बोलवायला आला, साक्षीदार आला होता.

त्याच आठवड्यात चेनताईने बाईंचं घर शोधून काढलं. यजमानांनी दार उघडलं, तिला खुर्ची दिली आणि काही न विचारता आतल्या खोलीत गेले.

"तुमच्याकडे एक काम आहे," ती म्हणाली. "आमच्या सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. घरात दोघीच असतो आम्ही, आमचे मालक गाडीवर असतात, बाहेरगावी. कुणीतरी त्यांना वाचून दाखवलं की सुनेने ढकललं असं लिहून दिलंय. मी सांगायला गेले की तोंड फिरवतात. तुम्ही याल का? मी काय बोलले ते तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

"मी सांगून काय होणार, ताई?"

"तुम्हाला सगळं शब्दाला शब्द आठवतं ना?"

ते खरं होतं. बाईंनी चपला घातल्या.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक पलंग, भिंतीला टेकवलेली एक गादी, खिडकीत वाळत घातलेला एकच टॉवेल. सासू पलंगावर बसलेली, अंगाने बारीक, पाठ ताठ. कोण आलंय ते चेनताईने दारातूनच सांगितलं आणि ती गॅसपाशी जाऊन उभी राहिली. पलंगापासून गॅस चार हातांवर होता.

बाईंनी साक्ष सांगितली. एक शब्द इकडचा तिकडे न करता. कुणीतरी आग, आग ओरडलं. मशिनी चालू राहिल्या. मागचं दार बंद. वाट फुटेल तिकडे पळालो. इथे त्या थांबल्या नाहीत. जिना, वळण, धाकटी थांबली, मागे वळून बघायला लागली. तू पुढे हो म्हणून ढकललं. खोके दिसले नाहीत.

सासूने सगळं ऐकून घेतलं. मग बाईंकडे बघत म्हणाली, "तिला विचारा, मागे वळून बघत होती म्हणते, तर काही बोलली का?"

प्रश्न चार हातांवर उभ्या असलेल्या चेनताईला ऐकू गेला होता. तरी ती हलली नाही. बाईंनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग इतक्या वर्षांच्या सवयीने त्या वळल्या आणि तोच प्रश्न, त्याच भाषेत, त्यांनी चेनताईला विचारला. "त्या काही बोलल्या का, ताई?"

"त्यांना सांगा," चेनताई भिंतीकडे बघत म्हणाली, "वहिनी, तू आधी, असं म्हणाली."

हे साक्षीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. बाईंनी पलंगाकडे वळून सांगितलं, "वहिनी, तू आधी, असं म्हणाली."

सासूच्या चेहऱ्यावर काही हललं, पण ते काय होतं हे सांगता येणार नाही. तिने गुडघ्यावरचं लुगडं सारखं केलं, आणखी एकदा सारखं केलं.

"तिला विचारा," ती म्हणाली, "मग तिचं का ऐकलं नाही."

शब्द सोपे होते. कोश लागत नव्हता, वकील नव्हते, नोंद होणार नव्हती. बाई चेनताईकडे वळल्या, तोंड उघडलं, आणि त्यांना आवाज फुटेना. चेनताईने ऐकलेलं होतंच. पण ती बाईंकडे बघत तशीच उभी राहिली, जणू त्यांच्या तोंडून आल्याशिवाय तिला उत्तर द्यायचं नव्हतं. पलंगावरून सासूही त्यांच्याचकडे बघत होती. दोघी थांबल्या होत्या, आणि बाईंना त्या खोलीतून निघताही येईना.